निळा न होणारा हायड्रा

हायड्रा याही खेपेला लालच निघाला.

मुरलेल्या कोकमासारखा मातकट लाल. मृणालिनीबाईंनी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला, चष्मा चढवला, उतरवला, पुन्हा डोळा लावला. चष्म्यानं रंग बदलत नसतो हे काय त्यांना कुणी सांगायला हवं होतं? पण माणूस एकदा गोंधळला की नको ते करून बघतो. त्यांनी स्लाइड उलटीसुद्धा करून पाहिली. हायड्रा उलटा झाला, पण लालच राहिला.

अमेरिकेत बॉथेलला मुलाच्या घरी, गराजमध्ये, बाईंनी ही प्रयोगशाळा थाटली होती. तिच्यापायी अमेयची गाडी बाहेर पावसात भिजत होती. कॉस्टकोच्या खोक्यांच्या आड एक घडीचं टेबल, त्यावर शाळकरी मुलांना घेऊन देतात तसला मायक्रोस्कोप, ऑनलाइन मागवलेल्या बाटल्या, आणि घरभर लवंगेच्या तेलाचा वास. सून आसावरी कामावरून आली की दारातूनच विचारायची, "आई, कुणाची दाढ दुखतेय?" तेल दाढेसाठी नव्हतं. रंगवलेला जीव शेवटी लवंगेच्या तेलात ठेवला की आरपार स्वच्छ दिसतो, म्हणून ते होतं.

आणि जीव तरी केवढा! हायड्रा म्हणजे तळ्यातल्या पानांना चिकटून राहणारा, शिवणाच्या दोऱ्याच्या तुकड्याएवढा प्राणी. एका टोकाला चिकटायचा पाय, दुसऱ्या टोकाला तोंड आणि तोंडाभोवती चार-सहा लांब बोटं, बस्स. जिवंतपणी तो इतका नितळ असतो की त्याच्या आतलं काही वेगळं उठून दिसत नाही, म्हणून त्याला रंगवायचं. हिमॅटॉक्सिलिन नावाचा रंग पेशींमधल्या केंद्रकांना धरतो, आणि काम नीट झालं तर ती केंद्रकं शाईच्या ठिपक्यांसारखी निळी दिसतात. अकोल्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवताना बाईंनी हे काम इतक्यांदा केलं होतं की तोंड मुलांवर ओरडत असलं तरी हात आपले आपण चालायचे. आता ओरडायला समोर कुणी नव्हतं, सगळं लक्ष हातांवर होतं, आणि तरी हायड्रा लाल होता.

एरवी लाल तर लाल. पण या हायड्रावर बाईंनी आपलं घर पणाला लावलं होतं.

त्याचं असं झालं. यजमान गेल्यापासून बाई अकोल्यात जठारपेठेतल्या घरी एकट्या राहत होत्या आणि त्यांचं उत्तम चाललं होतं. उन्हाळ्यात त्या अमेयकडे आल्या. दसऱ्याच्या आत परत जायचं तिकीटही काढलेलं होतं. मधल्या काळात तसं बघितलं तर काय घडलं होतं? एकदा दूध करपलं आणि धुराच्या अलार्मनं घर डोक्यावर घेतलं. कुणाचं दूध करपत नाही? एकदा फिरायला गेलेल्या बाई भलत्याच घराच्या दाराशी उभ्या राहून कुलपाचा कोड दाबत होत्या. आता त्या वसाहतीतली घरं सगळी एकाच साच्यातली, एकाच करड्या रंगाची. त्यात चूक बाईंची की बांधणाऱ्याची? आणि एकदा त्यांनी एका जेवणात आसावरीला एकच गोष्ट तीनदा विचारली. तिन्ही वेळा आसावरीनं हसून उत्तर दिलं, आणि तेच बाईंना लागलं. ती वैतागली असती तर बरं वाटलं असतं.

मग एका रविवारी अमेयनं लॅपटॉप मिटला आणि घसा खाकरला. हा मुलगा नववीत गणितात नापास झाला होता तेव्हाही असाच खाकरला होता.

"आई, मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट मिळालीय. जस्ट टेस्ट्स आहेत गं. तोवर तुझं तिकीट होल्डवर ठेवूया."

"होल्डवर म्हणजे?"

"म्हणजे... तू एकटी तिथे कशी राहणार, आई? काही झालं तर मी इथून काय करणार?"

बाईंचा पारा चढला. "माझी परीक्षा घ्यायची तर माझ्या विषयात घे. तुझे डॉक्टर मला घड्याळाचं चित्र काढायला लावणार आणि पाच शब्द पाठ करायला सांगणार. मी काय बालवाडीत आहे? मी तुला हायड्रा रंगवून दाखवते. पुस्तक नाही, इंटरनेट नाही, कुणाला फोन नाही. सगळं डोक्यातून. केंद्रकं निळी दिसली तर मी दसऱ्याला माझ्या घरी. नाही दिसली तर तू म्हणशील तो डॉक्टर आणि तू म्हणशील तिथे राहीन."

"ओके, डील," अमेय म्हणाला. म्हटल्याबरोबर त्याला पस्तावल्यासारखं झालं, ते त्याच्या तोंडावर दिसलं.

"अमेय, यार, आईंशी डील काय करतोस?" आसावरी म्हणाली. पण शब्द गेला तो गेला.

बाईंना वाटलं होतं, काम डाव्या हाताचा मळ आहे. सुरुवातही तशीच झाली. जवळच्या पार्कातल्या तळ्यातून बरणीभर पाणी नि पानं आणली, आणि उन्हात ठेवल्यावर काचेला चिकटलेले हायड्रे दिसले. हायड्राला मारायचं हे मोठं नाजूक काम असतं. त्याला धक्का बसला की तो अंग आक्रसून नुसता गोळा होतो, मग रंगवून काही उपयोग नाही. तो निवांत लांब होईपर्यंत वाट बघायची, आणि मग मारायच्या कोमट औषधाची पिचकारी पायाकडून तोंडाकडे, एका दमात. बाईंनी पहिल्याच प्रयत्नात हायड्रा असा ताणलेला धरला की बोटं मोजून घ्यावीत. हाताला सगळं आठवत होतं.

पुढचंही ठरलेलं. रंगात ठेवायचा. जास्तीचा रंग आम्लाच्या थेंबानं उतरवायचा. तेव्हा तो लाल दिसतो. मग पाण्यात धुवायचा, आणि धुताधुता तो निळा होतो. बाई इथे नळाचं नव्हे, फिल्टरचं पाणी वापरत होत्या. बॉथेलमध्ये नळाचं पाणी लोक तसंच पितात. पण भारतातून येणाऱ्या आईला नळाचं पाणी कसं पाजायचं, म्हणून अमेयनं ओट्याखाली चांगला महागातला आरओ बसवून घेतला होता. आपल्याकडच्या घरांत हे असंच चालतं. शेजारचे गोरे काय म्हणतील याची फिकीर करायची नाही. चांगल्या कामाला चांगलं पाणी, असा बाईंचाही साधा हिशेब होता.

पहिला हायड्रा लाल राहिला तेव्हा त्यांनी बाटलीला दोष दिला. रंग जुना असेल. नवी बाटली आली, त्यातलाही लाल. मग आम्ल जास्त झालं असेल म्हणून कमी केलं. सगळं गिचमिड झालं, तेही लाल. मग त्यांनी पाण्यात जास्त वेळ ठेवून पाहिलं. थोडा जांभळट वाटला, पण उजेडात धरला तर तो भास होता.

आता त्या पायऱ्या मोठ्यानं म्हणू लागल्या, पाढे म्हणावेत तशा. औषध, धुणं, रंग, आम्ल, पाणी, मग अल्कोहोल हलकं, मग कडक, मग तेल. एकदा म्हटलं तर बरोबर वाटायचं. दुसऱ्यांदा म्हटलं की मध्ये काहीतरी राहिलंय असं वाटायचं. आम्लाच्या आधी अल्कोहोल होतं का? पाणी दोनदा होतं का? जितक्यांदा म्हणावं तितका पाढा अनोळखी होत गेला. आपण सकाळची बीपीची गोळी घेतली की नाही, हेही त्यांना मधेच आठवेना. म्हणून घेतली, आणि मग वाटलं, दोनदा तर नाही ना झाली?

नाचता येईना अंगण वाकडं, हे त्या वर्गात कितीदा म्हणाल्या होत्या! मायक्रोस्कोप खराब आहे, ब्लेड बोथट आहे, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या प्रत्येक पोराच्या डोक्यात त्यांनी ही म्हण हाणली होती. आता बाटलीला आणि आम्लाला नावं ठेवताना तीच म्हण त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर येऊन आपटत होती. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं ते घेतलं. त्यांना भीती वाटली. साधी, सरळ भीती. यजमान गेले तेव्हा त्यांना दुःख झालं होतं, पण असं भ्यायला झालं नव्हतं, कारण तेव्हा जे गेलं ते काय होतं हे तरी त्यांना माहीत होतं.

"काय आई, स्टेटस?" अमेयनं दारातून डोकं घातलं.

बाईंनी स्लाइडवर हात ठेवला. "सुकतेय अजून."

स्लाइड केव्हाच सुकली होती. अमेयला ते कळलं की नाही कोण जाणे. तो "ओके, नो रश" म्हणून गेला, पण दार त्यानं इतक्या हळू लावलं की बाईंना रडू आलं.

रविवारी आसावरीनं हरभरे भिजत घातले होते. तिच्या हाताखाली काहीतरी करावं, डोकं जरा दुसरीकडे जाईल, म्हणून बाई स्वयंपाकघरात आल्या. कुकरमध्ये हरभरे होते, वर पाणी होतं. बाईंचा हात सवयीनं सोड्याच्या डब्यात गेला.

"आई, सोडा नको!" आसावरीनं हात धरला. "मागच्या वेळी घातलात आणि सगळ्या हरभऱ्यांचं पिठलं झालं."

"सोड्याशिवाय हरभरे शिजतात का कधी?"

"अकोल्याच्या पाण्यात नसतील शिजत. हे फिल्टरचं पाणी आहे ना, यात काहीच नाहीये. असेच शिजतात, बघा तुम्ही."

बाई चिमूट धरून तशाच उभ्या राहिल्या.

यात काहीच नाहीये. अकोला म्हणजे खारपाण पट्टा. कॉलेजच्या बोअरचं पाणी असं की चहा फाटायचा, तोट्यांवर पांढरी पुटं चढायची आणि पोरींचे केस कुंच्यासारखे व्हायचे. तेच पाणी त्या स्लाइडवर सोडत आल्या होत्या, आणि त्यातला क्षारच तर लालाचं निळं करत होता! बाईंना वाटायचं आपण करतो. अर्धं काम बोअर करत होती. आणि इथे त्या हायड्राला धूत होत्या कशात, तर मुलानं पैसे खर्चून क्षाराचा कणही न ठेवलेल्या पाण्यात. त्या पाण्यात तो वर्षभर ठेवला असता तरी लाल तो लालच.

"आसावरी, एक वाटी दे. आणि सोडा."

"आई, आत्ताच म्हटलं ना..."

"हरभऱ्यांत नाही गं!"

आम्लातून काढलेला एक हायड्रा बशीत पडून होताच. बाईंनी वाटीभर पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा ढवळला आणि ड्रॉपरनं हायड्रावर सोडला. मग भिंगाला डोळा लावला. लालाच्या कडा आधी मळल्यासारख्या झाल्या, मग जांभळ्या, आणि मग पायापासून बोटांच्या टोकांपर्यंत सगळा हायड्रा निळा होत गेला. प्रत्येक पेशीत एक निळा ठिपका. बाई इतक्या जोरात ओरडल्या की अमेय अनवाणी धावत आला, त्याला वाटलं पडल्याच.

त्यानं बराच वेळ बघितलं. "वॉव, आई. हे काय होतं नक्की?"

"तुझा आरओ!" बाईंनी सगळं सांगितलं. सोडा, बोअर, क्षार, हरभरे, एकात एक मिसळून.

अमेय हसला आणि मग हसायचा थांबला. "म्हणजे बग तुझ्या कोडमध्ये नव्हताच. एन्व्हायर्नमेंटमध्ये होता."

"या खेपेला अंगणच वाकडं होतं म्हण," बाई म्हणाल्या.

त्यानं त्यांना मिठी मारली. गुरुवारची अपॉइंटमेंट तो उद्या क्लिनिक उघडलं की कॅन्सल करणार होता. डील म्हणजे डील. बाईंनी हरभऱ्याची उसळ दोनदा मागून घेतली. सोड्याशिवाय मऊ शिजली होती, हे त्यांनी मोठ्या मनानं मान्य केलं.

सोमवारी सकाळी बाईंनी हिमानीला फोन लावला. आता बंदी नव्हती, आणि ही गंमत सांगायची तर हिमानीलाच सांगायला हवी होती. ती त्यांची लाडकी विद्यार्थिनी, अमरावतीला आता तिची स्वतःची पॅथॉलॉजी लॅब होती. तिकडे रात्रीची जेवणं झालेली असणार.

"हिमानी, अगं मला एक शोध लागलाय," म्हणून बाईंनी तिखटमीठ लावून सगळं सांगितलं. लाल हायड्रा, नव्या बाटल्या, आरओ, आसावरीनं धरलेला हात. सोड्याच्या चिमटीपाशी त्या मुद्दाम जरा थांबल्या.

पलीकडून हिमानी खळखळून हसली. "बाई, हे तर तुमचंच आहे!"

"माझं काय?"

"सोडा! चिखलदऱ्याच्या कॅम्पला दरवर्षी नव्हतं का व्हायचं? तिथलं झऱ्याचं पाणी हलकं, सगळ्यांच्या स्लाइड्स लाल यायच्या. तुम्ही मुद्दाम आधी सांगायचा नाहीत. आम्ही रडकुंडीला आलो की मग पर्समधून सोड्याची पुडी काढायचात. म्हणायचात, 'पोरींनो, बाटलीला शिव्या देऊ नका, पाण्याला विचारा.' मी अजून माझ्या लॅबमधल्या मुलांना तेच वाक्य ऐकवते, तुमचं नाव सांगून."

"हो, हो," बाई म्हणाल्या. "पाण्याला विचारा."

फोन ठेवून त्या पलंगावर बसल्या. त्यांनी चिखलदरा आठवून पाहिला. चिखलदरा होता. धुकं होतं, एस. टी.ची वळणं होती, ओकाऱ्या काढणाऱ्या मुली होत्या, शालीत गुंडाळलेली हिमानी होती. सोड्याची पुडी नव्हती. पर्स कुठली होती ते आठवलं, तपकिरी, तुटक्या चेनची; मनातल्या मनात तिच्यात हात घालून पाहिला तर आत काही नव्हतं. वाक्य तर एखाद्या परक्या बाईनं म्हटलेलं असावं तसं वाटत होतं. चांगलं वाक्य होतं. आपण असं बोलू शकलो असतो, एवढंच त्यांना वाटलं.

आता हे काय झालं? पास की नापास? इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट, कुणीही विसरेल. पण ही एकदा घडलेली गोष्ट नव्हती, दरवर्षीची होती. बरं, विसरल्या तर विसरल्या, पण सोड्याची चिमूट हातात येताच त्यांनी ती पुन्हा शोधून काढली की नाही? काम न करणारं डोकं असं काही शोधतं का? मग वाटायचं, पण पैज शोधण्याची कुठे होती? पैज आठवण्याची होती. एक बाजू पटली की लगेच दुसरी पटायची. लाल हायड्रा समोर असताना होता त्याहून हा गुंता मोठा होता, कारण यात चिमूटभर टाकावं असं काही नव्हतं.

कुणाला कळणार होतं? हिमानी अमरावतीत, अमेय कशाला तिला फोन करतोय! गप्प बसलं की झालं. दसऱ्याला जठारपेठ. स्वतःचं कुलूप, स्वतःची किल्ली, अंधारात हात जातो तिथेच असलेलं दिव्याचं बटण. त्यांना ते घर फार हवं होतं.

पण आयुष्यभर त्यांनी एक नियम पाळला होता. प्रात्यक्षिक परीक्षेत आपल्या वर्गाला आपण एकट्यानं मार्क द्यायचे नाहीत. शेजारी बाहेरचा परीक्षक हवा. आपली माणसं म्हटली की आपलं मन मऊ होतं आणि मार्क फुगतात. आणि आपण स्वतः म्हणजे तर आपली सगळ्यात जवळची माणसं.

त्या उठून बाहेर आल्या. अमेय आज घरूनच काम करत होता. त्यानं फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला होता आणि त्यातून क्लिनिकचं गुळमुळीत संगीत वाजत होतं.

"कॅन्सल केलंस?"

"होल्डवर ठेवलंय त्यांनी. दोन मिनिटं."

"नको करूस."

"का? काय झालं? आई, हायड्रा निळा झाला ना? तू जिंकलीस."

"निळा झाला," बाई म्हणाल्या. "पण सोड्यानं तो निळा होतो हे मला ठाऊक होतं, अमेय. मीच शिकवायचे, दरवर्षी. हिमानीनं आत्ता सांगितलं. आणि तिनं सांगितल्यावरसुद्धा मला ते आठवत नाहीये."

संगीत थांबलं आणि फोनमधून एक बाई गोड आवाजात बोलू लागली. अमेयनं फोन उचलला आणि पुन्हा टेबलावर ठेवला. बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बोल ना तिच्याशी," त्या म्हणाल्या. "गुरुवारच्या आधीची कुठली वेळ मिळतेय का, तेवढं विचार."